बेलापूर आर्टिस्ट व्हिलेज: सात घरांच्या अंगणात गाड्या लावायच्या का?

सातवं_घर

आमच्या अंगणात गाड्यांसाठी पांढरे पट्टे मारायचे आणि तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं, असं घाटतंय. माझा विरोध आहे. येत्या रविवारी सगळे एकत्र बसणार आहोत, त्याआधी माझं म्हणणं इथे सविस्तर लिहिते. वस्तीतल्या इतर अंगणांत काय ठरलं, आणि ठाणे-नवी मुंबईत बाकीच्या ठिकाणी अशा सामायिक जागांचं काय झालं, तेही सांगा. बैठकीत बोलायला बळ येईल.

ज्यांनी ही वस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. सीबीडी बेलापूर, सेक्टर ८बी, मागे पारसिकचा डोंगर. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आखलेली ही घरं १९८३ ते १९८६ या काळात बांधली गेली. बुटकी, उतरत्या कौलांची. सात घरं एका अंगणाभोवती, अशी तीन अंगणं एका जरा मोठ्या मोकळ्या जागेभोवती, आणि तशा तीन जागा आणखी मोठ्या जागेभोवती. मधून ओढा जातो. डोंगरावरून उतरणारं पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. कोकण भवनाच्या बाजूने रिक्षाने आलात की दहा मिनिटांत सरकारी कचेऱ्या आणि उंच इमारती मागे पडतात आणि तुम्ही अशा बोळांत शिरता जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं.

मी लग्न होऊन या अंगणात आले. सासूबाई इथे पहिल्यापासून. त्यांच्या काळात सातही घरांची वाळवणं एकाच वेळी अंगणात पडायची आणि पाळीपाळीने एक घर राखण करायचं. आता सांडगे कुणी घालत नाही, पण कोजागिरीचं दूध अजून एकाच पातेल्यात आटतं, आणि मुलांची लगोरी चालू असताना कुणाच्या काचेला चेंडू लागला तर ओरडायचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे. संध्याकाळी कुकरच्या शिट्टीवरून कुणाकडे आज उशीर झालाय ते कळतं. कळल्यावर कुणीतरी विचारतंही.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे दोन घरं पाठोपाठ आजारी पडली. अंगणाच्या मधोमध एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. सकाळी त्यावर दुधाची पिशवी, दुपारी डबा, रात्री औषधं. आजारी घरातलं जे माणूस उभं राहू शकत असेल ते येऊन उचलायचं. तोवर बाकीची घरं उंबऱ्याच्या आत थांबायची, पण दारं सताड उघडी ठेवून. कोण आज वाकून डबा उचलू शकलं आणि कोणाला दम लागला, हे तिथूनच दिसायचं. त्यावरूनच एकाला वेळेत दवाखान्यात हलवलं. त्या जागी चार गाड्या उभ्या असत्या तर ते दिसलं नसतं.

आता बदललेलं सांगते. सातांपैकी तीन घरं पाडून तिथे तीन-तीन मजले झाले. दोन घरं पूर्ण भाड्याने दिलेली आहेत. चार गाड्या आहेत, दुचाक्या कितीतरी. मागच्या उन्हाळ्यात अर्ध्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, तेही जुनी फरशी न काढता तिच्यावरच रेती अंथरून. अंगण चारेक इंचांनी वर आलं. नव्या घरांची जोती उंच, त्यांना काही फरक पडला नाही. पण एक घर अजून मूळचं आहे, कौलारू, त्याचा उंबरा अंगणाच्या पातळीला आला. जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी ओढ्याकडे जायचं सोडून त्या घरात शिरलं. तिथे एक आजी एकट्या राहतात. आम्ही सगळे बादल्या आणि खराटे घेऊन धावलो, त्यांची गादी माळ्यावर चढवली, पण लाकडी कपाटाचं खालचं फळकूट फुगलं ते फुगलंच.

पट्टे आणि गेट आले की उरलेल्या अर्ध्या भागातही ब्लॉक बसणार. मला ते नको आहे.

आराखडा_वाचणारी

ताई, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तुमची वस्ती आम्हाला अभ्यासाला असते आणि मी ती पाहूनही गेले आहे. (घरांचे फोटो काढताना परवानगी न घेणारी मुलं आमच्यातलीच असतात. त्यांना दारातून हाकलत जा.)

बैठकीत उपयोगी पडेल असा एक हिशेब देते. मूळ आराखड्यात सात घरांमधलं अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे ६४ चौरस मीटर. एका चारचाकीची जागा अडीच बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. चार गाड्यांचे ५० झाले. उरले १४. त्यातूनच सात घरांनी ये-जा करायची आणि त्यातच गाडी वळवायची. गाडी वळायला जागाच नाही, त्यामुळे सर्वांत आतली गाडी काढायची तर बाकीच्यांना उठवावं लागणार. पट्टे मारून पार्किंगचं भांडण मिटणार नाही, रोज सकाळी नव्याने सुरू होईल.

दुसरं, घरं पाडून नवी बांधली याचं तुमच्या लिहिण्यात दुःख जाणवतं. मला ते तितकं वाटत नाही. कोरियांची कल्पनाच ती होती. भिंती वेगळ्या ठेवल्या त्या यासाठी, की शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपलं घर ऐपतीप्रमाणे वाढवता यावं. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. लहान-मोठ्या घरांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक होता, पण जमिनीत तेवढा फरक ठेवला नाही. सहाएक हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं बसवली, तीही लिफ्टशिवाय, पाय जमिनीवर ठेवून. घरांनी बदलावं आणि मधली जागा तशीच राहावी, अशी ही मांडणी आहे. तुम्ही ज्यासाठी भांडताय तोच तिचा गाभा आहे.

दोन_पायऱ्या

मी त्याच वस्तीत राहतो, वेगळ्या अंगणात. आमच्याकडे गाड्या आत लागतात आणि मी त्या लावणाऱ्यांपैकी आहे. माझी बाजूही ऐकून घ्या.

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. परत येते तेव्हा तिला शंभर पावलंही चालवत नाहीत. गाडी बाहेर रस्त्यावर लावली तर पावसात छत्री धरून, तिला कवेत घेऊन बोळातून आणावं लागतं. रस्त्यावर जागा मिळेलच असं नाही. कार्यालयांच्या वेळेत बाहेरचे लोक गाड्या लावून जातात.

आणि गेटची मागणी कुणी चैनीसाठी करत नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मागच्या डोंगरावरच्या धबधब्याकडे झुंडी येतात. तुमच्या-आमच्या बोळांतून वाट काढतात, दुचाक्या अंगणात टाकतात, येताना ओल्या कपड्यांनी ओट्यांवर बसतात, बाटल्या ओढ्यात. जुलै २०२४ मध्ये पाणी अचानक वाढून पन्नास-साठ माणसं वर अडकली होती, अग्निशमन दलाने आणि पोलिसांनी उतरवली, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. आम्ही ते घराच्या गच्चीवरून पाहत होतो. त्या रात्रीनंतर आमच्या अंगणातल्या बायकांनीच गेट मागितलं.

सातवं_घर

@दोन_पायऱ्या, दादा, आईंची तब्येत सांभाळा. तुमचं म्हणणं मी बैठकीत जसंच्या तसं मांडीन. आजारी माणसाला दारापर्यंत गाडी हवीच, त्याला माझा विरोध नाही. उतरवून गाडी बाहेर नेणं आणि रात्रंदिवस आत ठेवणं, यात मी फरक करते.

धबधब्याच्या गर्दीचा त्रास आम्हालाही आहे. पण ती गर्दी खाली मुख्य रस्त्यावर अडवायला हवी. आपण प्रत्येकाने आपापलं तोंड बंद केलं तर ती शेजारच्या उघड्या अंगणात शिरेल, आणि मग तेही गेट लावतील. तीन अंगणांमधल्या मोकळ्या जागेला मग कुणी विचारणारच नाही.

माथाडीचा_लेक

कोपरखैरणे. वडील माथाडी, कांदा-बटाटा मार्केटला. १९८१ मध्ये मार्केट मुंबईहून वाशीला आलं, त्यामागोमाग आमच्यासारखी घरं या बाजूला आली. गाव सातारा जिल्ह्यात.

आमच्या वसाहतीत अंगण कधी नव्हतंच. बैठ्या घरांच्या रांगा, दोन रांगांमध्ये गल्ली. भूखंड इवलासा. लोकांनी वर-वर चढवत चार मजले नेले, प्रत्येक मजल्याचा सज्जा जरा पुढे काढला. आता खालच्या मजल्याला दिवसा दिवा लागतो. वरच्या दोन मजल्यांवर समोरासमोरच्या बायका हात लांब करून वाटी देतात-घेतात, इतकी घरं जवळ आली. आग लागली तर बंब आत येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दर पावसाळ्यात आणि दर दिवाळीत ही चर्चा होते. सज्जा कापायला कुणी तयार होत नाही, कारण पहिला कोण हा प्रश्न येतो.

पण एकी आहे, आणि ती गावाच्या नात्याची आहे. जत्रेला अर्धी गल्ली गावी जाते, मागे राहिलेले कुलपं सांभाळतात. कुणी गेलं तर गावाकडे नेण्यासाठी गाडीची वर्गणी अर्ध्या तासात जमते. हमालाच्या पाठीवर पोत्यांची थप्पी असते तेव्हा उचलून द्यायला दुसरा लागतो, एकट्याला पोतं पाठीवर घेता येत नाही. आमची माणसं या सवयीतून आली. १९६९ चा माथाडी कायदा झाला तोही एकजुटीच्या जोरावर, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने.

ताई, माझा सल्ला असा. वर्गणीचा हिशेब घरावर लावू नका, चुलीवर लावा. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा घरटी पैसे काढायचं ठरलं, तर चार बिऱ्हाडांचा मजला आणि एकट्या म्हातारीचं घर दोघांना सारखेच. म्हातारीने दिले, पण गल्लीला ते बोचलं. पुढच्या वेळी चुलीवर लावलं आणि पैसे दोन दिवसांत जमले.

घंटाळीकर

ठाण्याहून. मला या धाग्यातलं सगळं पटतं, पण एक वेगळा मुद्दा मांडतो.

नौपाड्यात आमच्या दुमजली इमारतीला मागे आवार होतं. फणस, प्राजक्त, विहीर. इमारत पाडून आता बावीस मजले झाले. आवाराच्या जागी पोडियम आहे, म्हणजे पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा, मुलांना खेळायला वेळा लावून दिल्या आहेत, संध्याकाळी सातनंतर चेंडू बंद. घंटाळी, विष्णुनगर, भास्कर कॉलनी, सगळीकडे हेच चाललंय. बारीक रस्त्यांवरच्या जुन्या इमारती पडून राहिल्या आहेत, कारण रस्ता नऊ मीटरचा नसेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत आणायचा जादा बांधकामाचा हक्क) मिळत नाही आणि त्याशिवाय बिल्डर येत नाही. भाडेकरू आणि मालक दोघेही ताटकळलेत.

तरीही नौपाडा मेलेला नाही. कारण आमचं एकत्र येणं आवारावर कधीच पूर्ण अवलंबून नव्हतं. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. गडकरी रंगायतन १९७८ चं. मासुंद्याची पाळ आहे, कोपिनेश्वर आहे, पाडव्याची स्वागतयात्रा आहे. दिवाळीच्या पहिल्या सकाळी राम मारुती रोडवर आणि तलावपाळीवर तरुण पोरांची इतकी गर्दी होते की पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यातली अर्धी घोडबंदरला राहायला गेलेली असतात, फक्त भेटायला परत येतात. ठाणेकर माणूस आपला शेजार संस्थांमधून जपतो. बेलापूरला अशी संस्था उभी करा, वाचनालय काढा. अंगण गेलं तरी माणसं भेटत राहतील. सगळा भार ६४ चौरस मीटरवर टाकू नये असं मला वाटतं.

सातवं_घर

@घंटाळीकर, काका, वाचनालय हवंच, आणि ग्रंथसंग्रहालयाचा मला मनापासून हेवा वाटतो. पण संस्थेत कोण जातं? ज्याला चालता येतं, ज्याला वेळ आहे, ज्याला तिथे आपलं स्वागत होईल याची खात्री आहे. ज्या आजींच्या घरात पाणी शिरलं त्या आता अंगणापलीकडे जात नाहीत. सकाळी उंबऱ्यात बसून भाजी निवडतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोलतो, ते घरातून कुठे न जाता होतं. अडीच वर्षांचं पोर पहिल्यांदा घरापासून एकटं दूर जातं ते या आठ मीटरांत, आणि सात घरांची नजर त्याच्यावर असते. पोडियमवर वेळा लावाव्या लागल्या याचं कारणच हे, की तिथे नजर ठेवणारं दार एकही नाही.

जेएन_टाइप

वाशी. छोटीशी नोंद. आमच्या सिडकोने बांधलेल्या जेएन टाइप इमारतींत स्लॅब कोसळायला लागले, मग धोकादायक म्हणून पाट्या लागल्या. २०१५ मध्ये सिडकोच्या जुन्या इमारतींसाठी अडीच एफएसआय (भूखंडाच्या अडीचपट बांधकाम) मंजूर झाला, तेव्हा वाटलं आता सुटलो. त्यानंतर एकमत व्हायलाच किती वर्षं गेली. ज्या इमारतींच्या जिन्यात लोक रोज बोलत होते त्यांची संमतिपत्रं आधी झाली. जिथे जिन्यातही कुणी कुणाला ओळखत नव्हतं तिथे अजून वकील चालू आहेत. मी दोन्हीकडे राहिलोय, स्वतः पाहिलंय.

आग्रोळीचा

मी बेलापूरचाच, पण सेक्टरमधला नाही. आग्रोळी गाव.

कोरियासाहेबांचं नाव घ्या, घ्यायलाच पाहिजे. पण ती जागा आधी रिकामी नव्हती. १९७० पासून ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. शेतं गेली, खाडीकडची मिठागरं गेली. त्या डोंगराखाली आमची गुरं चरायची, त्या ओढ्याच्या पाण्याची आमच्या आजोबांना माहिती होती. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे जासईच्या आंदोलनात पाच माणसं गेली, दि. बा. पाटील पुढे होते, तेव्हा कुठे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा विषय पुढे सरकला. हे मी भांडायला म्हणून सांगत नाही. सामायिक जागेबद्दल बोलताय, तर गावांकडे विचारा म्हणून सांगतोय, कारण आम्ही ती आधीपासून सांभाळतोय.

आमच्या गावात घरोघरी गणपती बसत नाही. अख्ख्या गावाचा एकच. साठ वर्षांहून जास्त काळ असंच चाललंय. नवसाचा नाही, माझा-तुझा नाही. कर्ज काढून सण करायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून वडीलधाऱ्यांनी तेव्हा ठरवलं. आता प्रत्येकाकडे पैसे आहेत, स्वतःचा बसवायची ऐपत आहे, तरी कुणी मोडत नाही. कारण आरतीला उभं राहायची जागा एकच आहे, आणि तिथे आला नाहीस तर तू का आला नाहीस हे विचारायला माणसं येतात.

गटाराबाबत एक. ओढ्याची वाट कुठून आहे ते नकाशात बघू नका, पावसात बघा. पहिल्या मोठ्या पावसात एक माणूस छत्री घेऊन अंगणात उभा करा आणि पाणी कुठे थांबतं तिथे खडूने खुणा करा. ब्लॉकवाल्याला त्या खुणा दाखवा.

सातवं_घर

@आग्रोळीचा, दादा, हे तुम्ही इथे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही वस्तीची गोष्ट १९८३ पासून सांगतो. ती तिथून सुरू होत नाही. आणि छत्री-खडूचं मी नक्की करणार आहे. बैठकीला याल का? ओढ्याबद्दल सगळ्यांनी तुमच्या तोंडून ऐकावं असं वाटतं.

आग्रोळीचा

येतो. माझ्या काकांना आणतो, त्यांना जास्त माहीत आहे.

वरच्या_मजल्यावरची

मी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये भाड्याने राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणखी दोन मैत्रिणींबरोबर. लातूरची आहे, बेलापूरला नोकरी. या धाग्यात सगळे "सात घरं" म्हणताहेत म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्या अंगणात सात दारं आहेत, पण चुली मोजल्या तर सोळा. आम्ही पाणी भरतो, वीजबिल भरतो, कचरा वेळेवर देतो. पण कोजागिरीला आम्हाला कुणी बोलावलं नाही. वर गॅलरीतून दिसत होतं. कुणी वाईट वागतं असं अजिबात नाही, जिन्यात काकू हसतात, एकदा ताप आला होता तेव्हा पेजही आली. पण बैठक, वर्गणी, सण, यात भाडेकरू नसतातच. मालक दुसरीकडे राहतो आणि मत त्याचं धरतात. तो वर्षातून एकदा येतो, त्याला गाडी लावायला जागा हवी असते.

रात्री अकराला स्टेशनवरून येते तेव्हा मला गेट नको असतं. मला अंगणात दिवा आणि कुणीतरी जागं हवं असतं. गेटची किल्ली मालकाकडे एक आणि आमच्यात एक, म्हणजे तिघींपैकी दोघी बाहेर.

अंगण सगळ्यांचं म्हणायचं असेल तर आम्हालाही झाडायला सांगा.

आराखडा_वाचणारी

हे वाचून मी माझ्या प्रबंधाचा प्रश्न बदलतेय. आम्ही आतापर्यंत फक्त घरं किती बदलली तेच मोजत होतो.

दोन_पायऱ्या

@वरच्या_मजल्यावरची, ताई, आमच्याच अंगणात असाल का माहीत नाही. असाल तर तळमजल्यावर केव्हाही या. आईला बोलायला माणूस हवंच असतं.

सातवं_घर

बैठक झाली. दोन तास ठरले होते, चार लागले. सविस्तर लिहिते कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय.

आधी भाडेकरूंना बोलवायचं की नाही यावरच अर्धा तास गेला. एका मालकांचं म्हणणं होतं की उद्या ते घर सोडून जातील, त्यांच्या मतावर आपण कायमचं काही ठरवायचं का. त्यावर आजी म्हणाल्या, पाणी शिरलं तेव्हा माझी गादी त्या वरच्या मुलांनीच उचलली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. अंगणातल्या सगळ्या चुली मोजल्या. आता वर्गणी चुलीवर लागेल आणि मतही चुलीचं. माथाडीचा_लेक यांचे खास आभार.

गाड्या रात्रीच्या मुक्कामाला आत लागणार नाहीत. आजारी, म्हातारं माणूस, बाळंतीण, सामान, यांच्यासाठी गाडी दारापर्यंत येईल आणि उतरवून बाहेर जाईल. पंधरा मिनिटं असं ठरलं. दुचाक्या एका बाजूला भिंतीलगत, ओट्यांसमोर नाही. यावर चारपैकी दोन गाडीवाले खूश नाहीत. त्यांच्यापैकी एकांनी स्पष्ट सांगितलं की बाहेर काच फुटली तर वर्गणीतून भरून द्यायची. ते आम्ही मान्य केलं नाही, पण बाहेरच्या बाजूला दिवा बसवून घेण्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्यायचं ठरलं. ही गोष्ट पूर्ण मिटलेली नाही. पावसाळ्यात पुन्हा निघेल.

आग्रोळीहून काका आले होते. त्यांनी अंगणाच्या एका कोपऱ्यात उभं राहून सांगितलं की ओढ्याचा एक फाटा पूर्वी इथून, आजींच्या मागच्या भिंतीपासून जायचा, म्हणून जुन्या घरांच्या मागे उतार ठेवलेला आहे. आम्ही मागे जाऊन पाहिलं. तो उतार एका नव्या घराच्या मोरीने अडवला आहे. ते घर ज्यांचं ते तिथेच होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं की पाइप खालून फिरवून घेतो, खर्च त्यांचा. ब्लॉक मेच्या आधी काढायचे, खालची जुनी फरशीही उचलायची, आणि उतार पुन्हा ओढ्याकडे करून मगच बसवायचे. आजींच्या दारासमोर दीड मीटरची पट्टी मातीचीच राहील. तिथे काय लावायचं ते आजी ठरवतील. त्यांनी लगेच सांगितलं, कढीपत्ता.

गेटचं मत घेतलं. विरोधात जास्त आले, पण थोड्याच फरकाने. ज्यांना हवं होतं त्यांची भीती खरी आहे. म्हणून जून ते ऑगस्ट शनिवार-रविवारी मुख्य रस्त्याच्या वळणाजवळच लोकांना अडवावं, असं पत्र आजूबाजूच्या सगळ्या अंगणांच्या वतीने पोलिसांना द्यायचं ठरलं आहे. @दोन_पायऱ्या, तुमच्या अंगणाच्या सह्या लागतील. पत्राचा मसुदा तुम्हीच लिहा, तुम्हाला तो प्रसंग जवळून माहीत आहे.

दोन_पायऱ्या

मसुदा आज रात्री टाकतो. सह्या गोळा करायला वरच्या मजल्यावरच्या ताई तयार आहेत. त्या आमच्याच अंगणातल्या निघाल्या.

जेएन_टाइप

ठरलं ते कागदावर आहे का? सगळ्यांच्या सह्यांनिशी? घर विकलं गेलं तर नवीन मालकाला दाखवायला लागेल.

सातवं_घर

वहीत लिहिलंय, सगळ्या चुलींच्या सह्या आहेत. प्रत्येक घराला प्रत देतोय, भाडेकरूंना वेगळी. तुमच्या इमारतीची कागदपत्रं करताना जो नमुना वापरला तो पाठवाल का? आमची भाषा फार घरगुती झाली आहे, एकदा नीट करून घेते.

आग्रोळीचा

ब्लॉक कधी काढताय ते कळवा. उतार बघायला काका आणि मी येऊ. पाण्याची लेव्हल नळीने बघायची, डोळ्यांनी नाही. नळी आमच्याकडे आहे.